इंजिनातील पाणी आणि त्यात मिसळावयाची द्रव्ये

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही सुरतेहून मोटारीने नाशिकला निघालो होतो. वघई मागे टाकून सापुताऱ्याचा घाट चढू लागलो, तोच उष्णतादर्शक काटा तांबड्या खुणेपलीकडे गेला आणि बॉनेटखालून वाफ येऊ लागली. मामा रेडिएटरचे झाकण उघडण्यास धावले, पण चालकाने त्यांचा हात धरला. "साहेब, आधी निवू द्या!" दाबाखालील उकळते पाणी तोंडावर उडून माणसे भाजतात, हे त्याला ठाऊक होते.

इंजिन निवाल्यावर पाहिले, तो आत तांबूस गढूळ पाणी व पांढरट पुटे. मामा कित्येक वर्षे बोअरिंगचेच पाणी भरीत होते. "पाण्यासारखे थंड करणारे दुसरे काय आहे? महाग कूलंट कशाला?" असे ते म्हणत. मामांचे म्हणणे चूक होते काय?

अर्धे बरोबर होते. इंजिनात पेटलेल्या वायूचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. इंधनापासून मिळणाऱ्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक-तृतीयांश उष्णता सिलिंडरभोवती फिरणारे पाणी वाहून नेते व रेडिएटरमध्ये हवेला देते. या कामी शुद्ध पाणी खरोखरच श्रेष्ठ आहे. पाण्याची विशिष्ट उष्णता १ मानली, तर कूलंटमधील मुख्य द्रव्य जे इथिलीन ग्लायकोल, त्याची सुमारे ०.५७ भरते. दोन्ही समभाग मिसळल्यास ती ०.८ च्या आसपास येते. मिश्रणाची उष्णतावाहकताही पाण्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते, आणि ते पाण्याहून दाट असल्याने संथ वाहते.

मग ते मिसळावे तरी का? पहिले कारण उत्कलनबिंदू. झाकण बंद असता आतील दाब हवेच्या दाबाहून सुमारे एका वातावरणाने वाढतो. त्या दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते, तर समभाग मिश्रण १३० अंशांच्या जवळपास. तापलेल्या धातूवर वाफेचा पडदा धरला की उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून हे दहा अंश घाटात मोलाचे ठरतात. लेहसारख्या ठिकाणी दुसराही लाभ होतो, तो असा की हे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. घरातील पाणी तापविण्याचा बंब आठवा. आत क्षारांचे पुट चढले की लाकडे अधिक जळतात, पण पाणी लवकर तापत नाही. क्षारांच्या थरातून उष्णता लोखंडाच्या मानाने फारच मंद वाहते. इंजिनातही तेच घडते. जड पाण्यातील क्षार नेमके सर्वांत तप्त जागी बसतात आणि गंज रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवितो. कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये अल्प प्रमाणात असतात, पण धातूचा पृष्ठभाग निर्मळ राखतात. म्हणजे मिश्रण थोडी उष्णता कमी वाहते खरे, परंतु तिची वाट वर्षानुवर्षे मोकळी ठेवते.

तथापि 'अधिकस्य अधिकं फलम्' हा न्याय येथे लागू नाही. निव्वळ ग्लायकोल पाण्याहून पुष्कळच वाईट उष्णतावाहक आहे. शिवाय ते उणे १३ अंशांच्या सुमारासच गोठते! म्हणून प्रमाण पाळावे, ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे आणि गंजरोधके कालांतराने खर्ची पडत असल्याने पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत कूलंट बदलावे. ग्लायकोल चवीला गोड, पण विषारी आहे. म्हणून ते मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवावे.

त्या दिवशी नाशिकला पोहोचण्यास आम्हांस रात्र झाली. मामांनी परत येताच इंजिन आतून धुऊन घेतले. आता ते पाण्याला नावे ठेवीत नाहीत आणि कूलंटलाही नाहीत. दोघांचे प्रमाण तेवढे विचारतात.