सात गुणांपुरती चित्रकला

दहावीचा निकाल लागला की तेच दोन प्रश्न येतात: ‘मुलगी चित्रं छान काढते, अ‍ॅनिमेशनच्या कोर्सला घालू का?’ आणि ‘त्यात पोट भरेल का?’ पहिल्याचं उत्तर ‘नको’. सहा महिन्यांच्या कोर्समध्ये सॉफ्टवेअर शिकवतात, आणि सॉफ्टवेअर दर दोन-चार वर्षांनी बदलतं. शरीररचना, यथार्थदर्शन, मांडणी आणि दिलेला मजकूर समजून घेणं या गोष्टी बदलत नाहीत, पण त्या सहा महिन्यांत येतही नाहीत. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणणाऱ्या संस्थेकडे जुन्या विद्यार्थ्यांची छापून आलेली कामं मागा. तिथं बहुतेकदा विषय बदलतो.

खरी सुरुवात शाळेतच झालेली असते. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांमधल्या स्मरणचित्राच्या पेपरात एका ओळीत विषय देतात, आणि मुलाला त्यातून माणसं, जागा, प्रसंग उभा करायचा असतो. पुस्तकात चित्रं काढणाऱ्याचा धंदा नेमका हाच. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचे व्यंगचित्रकार शि. द. फडणीस मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात कमर्शियल आर्ट शिकले. दुसरे व्यंगचित्रकार वसंत सरवटे नोकरीने इंजिनिअर होते. वाटा वेगळ्या असल्या, तरी दोघांचीही चित्रं आधी विचार करतात, मग रेघ ओढतात.

पालकांना मात्र इंटरमिजिएट हवी असते ती ‘अ’ श्रेणीच्या सात वाढीव गुणांसाठी. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर आणि मूल नीटच्या क्लासला. दोन वर्षं पेन्सिल हातात धरू द्यायची नाही आणि बारावीनंतर ‘कलेत काही दम दिसला नाही’ म्हणायचं, हा न्याय कुठला? कलेची बीएफए ही पदवी चार वर्षांची. बारावी कुठल्याही शाखेतून चालते, मात्र प्रवेश परीक्षेत हात तपासला जातो. छत्रपती संभाजीनगरचं सरकारी कला महाविद्यालय आपल्या जालन्यापासून साठेक किलोमीटरवर आहे. त्यासाठी मुंबई गाठायलाच हवी असं नाही.

आता पोटाचा प्रश्न. एआयमुळे वाढदिवसाचे बॅनर आणि स्वस्त जाहिरातींची कामं जातील, हे कबूल. पण जालना बियाण्यांचं गाव आहे, महिको ही बियाणे कंपनी इथंच १९६४ साली सुरू झाली. जवळच्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचा बीडीएन-७११ वाण दिला. अशा वाणाचं पान, फूल, शेंग आणि त्यावरची कीड शेतकऱ्याला ओळखू येईल अशी दाखवायची, तर फोटो पुरत नाही. फोटोत एकच झाड येतं, त्याच्या डागांसकट. चित्रकार त्या वाणाची खूण वेगळी काढून दाखवतो. इथं चुकीची शेंग चालत नाही, आणि चुकलीच तर कुणाला तरी जाब द्यावा लागतो. कृषी किंवा वनस्पतिशास्त्राची पदवी आणि तयार हात, ही जोडी मला चकचकीत स्टुडिओपेक्षा जास्त भरवशाची वाटते. मोठ्या पगाराची हमी मी देत नाही. सुरुवातीची काही वर्षं दुसऱ्या नोकरीच्या जोडीने काढावी लागतील. सरवट्यांनीही नोकरी सांभाळूनच चित्रं काढली.

मुलाची परीक्षाच घ्यायची असेल, तर त्याला बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकातली एक गोष्ट चित्रं झाकून वाचायला द्या. तिच्यासाठी त्याने तीन वेगवेगळी चित्रं काढावीत, आणि त्यातलं कुठलं निवडलं ते का, हे सांगावं. तिसऱ्या चित्रापर्यंत मूल कंटाळलं, तर छंद म्हणून राहू द्या.