रुग्णालयाच्या दाराबाहेरचे नर्सिंग

नर्सिंग म्हटले की रात्रपाळी आणि खाटांची रांग एवढेच पालकांच्या डोळ्यांपुढे येते. परंतु आजार बळावण्याआधीच गावात जाऊन त्याला आळा घालणे, म्हणजेच सामुदायिक आरोग्य परिचर्या, हे या व्यवसायाचे तितकेच मोलाचे अंग आहे. मध्य प्रदेशात छिंदवाड्यातून 2023 मध्ये वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील पांढुर्णा व सौसर तालुक्यांत या कामाला मोठा वाव आहे.

सिकलसेलचेच पाहावे. हिमोग्लोबिनमधील आनुवंशिक दोषामुळे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रुग्णाला रक्तक्षय व असह्य वेदना सोसाव्या लागतात. विदर्भ आणि लगतच्या मध्य प्रदेशात आढळणाऱ्या या आजारासाठी 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथे राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली, आणि तिची भिस्त गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांवर आहे. विद्राव्यता चाचणीत बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब द्रावणात मिसळून नळीमागच्या काळ्या रेघा दिसतात का, ते पाहिले जाते. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर नमुना पुढील तपासणीला पाठवावा लागतो, कारण व्यक्ती निव्वळ वाहक आहे की रुग्ण, हे या चाचणीतून कळत नाही. खरी कसोटी त्यानंतरची असते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के असते, ही गोष्ट सोयरीक जुळवणाऱ्या घरात, मुलीच्या माथी दोष न येऊ देता, समजावून सांगायची असते. घरात मराठी, नोंदवहीत हिंदी आणि काही वस्त्यांत गोंडी असलेल्या या भागात येथलीच मुलगी हे जितक्या सहज सांगू शकेल, तितके बाहेरून बदलून आलेल्या कर्मचाऱ्याला जमणे कठीण. म्हणून मराठी ही येथे एक पात्रताच मानायला हवी.

या कामाकडे नेणाऱ्या शिक्षणात एएनएम (सहायक परिचारिका व प्रसविका) अभ्यासक्रम 2, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) 3 आणि बी.एस्सी. नर्सिंग 4 वर्षांचा असतो. शेवटच्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी आवश्यक असते. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे दर्जावाढ झालेल्या उपकेंद्रात, सामुदायिक आरोग्य अधिकारी अर्थात सीएचओ हे पद नर्सिंग पदवीधरांनाही खुले आहे; तेथे रक्तदाब, मधुमेह आणि गरोदर मातांची तपासणी करावी लागते आणि मुलगेही हे काम करतात. मात्र ही पदे बहुधा संविदेवर, म्हणजे कराराने भरली जातात, हे पालकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

नागपूर जवळ असले तरी राज्य वेगळे आहे, त्यामुळे तेथील शासकीय जागांसाठी अधिवासाची अट आडवी येऊ शकते. मध्य प्रदेशातील नर्सिंग महाविद्यालयांची उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय चौकशी झालेली असल्याने, प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी संस्थेची त्या वर्षाची मान्यता आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष सराव देणारे रुग्णालय, या दोन्हींची खातरजमा करावी. पुढे महाराष्ट्रात नोकरी करायची झाल्यास तेथील नर्सिंग परिषदेकडे नोंदणी करून घ्यावी लागते.