जुन्या घरांच्या भिंतींतील ओल

पणजीच्या फोंतेन्हास भागातील कित्येक जुनी घरे जांभ्या चिऱ्यांची असून सामाईक भिंतींनी एकमेकांस जोडलेली आहेत. जांभा सच्छिद्र असल्याने, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे जमिनीतील पाणी भिंतीत चढते. त्यासोबत आलेल्या क्षारांमुळे लोणा लागतो व पोपडे सुटतात.

अशा भिंतीस सिमेंटचा गिलावा करणे हा उपाय नव्हे. बाष्पीभवनाची वाट बंद झाल्याने ओल अधिक उंच जाते. प्रथम पागोळ्यांचे पाणी दूर न्यावे, जोत्यालगतची माती काढावी. सिमेंट खरवडून भिंत सुकू द्यावी. लोणा कोरड्या ब्रशने झाडावा, धुऊ नये. नंतर चुन्याचा गिलावा करावा.

भिंत सामाईक असल्याने दोन्ही शेजाऱ्यांनी हे काम एकाच वेळी करावे. एका बाजूने केलेला उपाय अपुरा ठरतो.