काळाला नांव देतांना



सहलीहून परत आल्यावर तुम्ही जी टिपणवही लिहितां, ती तपासण्याचा योग शिक्षकाला वरचेवर येतो. अंबरनाथचें शिवालय पाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या वहींत देवळाचें चित्र सुरेख काढलेलें होतें. खांबांचीं मापें होतीं, शिल्पांचें वर्णन होतें. आणि ‘काळ’ या रकान्यांत एकच शब्द होता : हेमाडपंती. बाकीचें सर्व टिपण बरोबर होतें, चुकला होता तो एवढा एकच शब्द. परंतु घाईनें वही चाळणारा मनुष्य मापें व वर्णनें सोडून देतो आणि नेमका तोच शब्द उचलून पुढें नेतो. म्हणून जुन्या वस्तूंची व वास्तूंची नोंद करतांना काळाला नांव कसें द्यावें, याचा थोडा विचार आज आपण करूं.

प्रथम ही चूक कशी झाली तें पाहूं. हेमाद्रि ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव यादवाचा, व पुढें रामचंद्रदेवाचा, मंत्री. महादेव गादीवर आला तो इ. स. 1261 मध्यें. अंबरनाथच्या देवळांतील शिलालेखांत मात्र शके 982 हें वर्ष आणि शिलाहार राजा माम्वाणि याचें नांव आढळतें. शकाच्या आंकड्यांत 78 मिळविले म्हणजे इसवी सन येतो. अर्थात् हें साल 1060 झालें. हेमाद्रि अधिकारावर येण्यापूर्वीं दोनशें वर्षें हें देऊळ उभें होतें! मग घोटाळा कां व्हावा? तर चुन्यावांचून, घडीव दगड एकमेकांत बसवून बांधलेल्या प्रत्येक जुन्या देवळाला हेमाडपंती म्हणण्याची चाल आपल्याकडे पडून गेली आहे. हा शब्द बांधणीचा आहे, काळाचा नव्हे. बांधणीचें नांव काळाच्या रकान्यांत शिरलें, कीं दोनशें वर्षांची चूक एका शब्दांत होते.

काळाला नांवें देण्याच्या रीति अनेक आहेत. डेन्मार्कमध्यें कोपनहेगन येथील संग्रहालयांत जुन्या वस्तूंची रास पडली होती. तेथील व्यवस्थापक ख्रिश्चन थॉमसेन यांनीं पाषाण, कांस्य आणि लोह असे तीन भाग पाडून ती रास लाविली, आणि 1836 सालीं ही पद्धति छापून प्रसिद्ध झाली. तिची उपयुक्तता मोठी आहे. परंतु हीं नांवें हत्यारांच्या द्रव्यावरून पडलेलीं आहेत, पंचांगावरून नव्हेत. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं 1968 ते 1983 या काळांत उत्खनन केलें. तेथील प्राचीन शेतकऱ्यांची वस्ती सुमारें इ. स. पूर्व 1600 पासून 700 पर्यंत नांदली. त्यांच्यापाशीं तांबें होतें, आणि दगडाचीं पातींही होतीं. म्हणून त्या काळास ताम्रपाषाणयुग असें म्हणतात. ही वस्ती नांदत असतांनाच पश्चिम आशियांत लोखंडाचा वापर पसरूं लागला होता. म्हणजे एकाच वर्षीं एका देशांत एक युग आणि दुसऱ्या देशांत दुसरें! नुसतें ‘ताम्रपाषाणयुग’ एवढें लिहिलें, तर वाचणाऱ्यानें कोणतें शतक समजावें?

राजवटीवरून दिलेलीं नांवें त्यापेक्षां नेमकीं वाटतात. परंतु तींही स्थळाचा उल्लेख केल्याशिवाय लंगडींच पडतात. ‘पोर्तुगीज काळ’ हें नांव घ्या. गोवें शहर 1510 सालीं पोर्तुगीजांच्या हातीं गेलें आणि त्यांची तेथील सत्ता डिसेंबर 1961 मध्यें संपली. वसई त्यांस 1534 सालीं मिळाली व 1739 सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली. मुंबई तर 1665 सालींच इंग्रजांच्या ताब्यांत गेली. म्हणजे हा काळ मुंबईस सतराव्या शतकांत, वसईस अठराव्या शतकांत आणि गोव्यास विसाव्या शतकांत संपला. खुद्द गोव्यांतही फोंडा महाल पोर्तुगीजांकडे आला तो 1763 सालीं. म्हणून त्या भागास व त्याच्या पुढेंमागें मिळालेल्या इतर महालांस ‘नव्या काबिजादी’ हें नांव पडलें. तेव्हां फोंड्यांतील 1700 सालच्या एखाद्या तळीवर ‘पोर्तुगीज काळ’ अशी चिठ्ठी लावणें म्हणजे तेथें नसलेल्या राजाला गादीवर बसविणेंच होय.

याहून अधिक सावधगिरी धर्माच्या नांवांविषयीं पाहिजे. जेम्स मिल यांनीं 1817 सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हिंदुस्थानच्या इतिहासाचे हिंदु, मुसलमानी आणि ब्रिटिश असे तीन भाग कल्पिले. पहिल्या दोहोंस राज्यकर्त्यांच्या धर्माचें नांव दिलें, तिसऱ्यास मात्र राष्ट्राचें! ही वांटणी पुढें शाळांच्या पुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या चालत राहिली. आतां वेरूळचें घृष्णेश्वर मंदिर पाहा. त्याचा जीर्णोद्धार मालोजीराजे भोसले यांनीं केला असें परंपरा सांगते, आणि मालोजीराजे हे निजामशाहींतील सरदार होते. या कामाची नोंद ‘मुसलमानी काळ’ अशी केली, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें काय उभें राहील? ‘निजामशाही काळ’ असें लिहिलें म्हणजे राज्य कळतें, प्रदेश कळतो आणि वर्षांची मर्यादाही कळते. कोणाच्या श्रद्धेवर मात्र निष्कारण शिक्का बसत नाहीं. शब्द निवडतांना एवढी जपणूक केलीच पाहिजे. कारण नोंदींतला शब्द पुढें पाठ्यपुस्तकांत जातो, आणि पाठ्यपुस्तकांतला शब्द मनांत घर करून राहतो.

कित्येकदां एका स्थळास एकच नांव पुरत नाहीं. अजिंठ्याची नववी, दहावी व इतर कांहीं थोडीं लेणीं इसवी सनापूर्वीं कोरलेलीं आहेत. बाकीच्यांतील पुष्कळशीं पांचव्या शतकांत, वाकाटकांच्या अमदानींत झालीं. सोळाव्या लेण्यांत हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा लेखच आहे. या दोहोंमध्यें कित्येक शतकांचें अंतर पडतें. शिवाय दहाव्या लेण्यांत जॉन स्मिथ नांवाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानें 1819 सालीं आपलें नांव कोरून ठेविलें, तें निराळेंच! तेव्हां नोंद डोंगराची न करतां लेण्याची करावी, आणि लेण्यांतही मूळ काम एकीकडे व मागाहून झालेली भर दुसरीकडे, असें वेगळें लिहावें.

मग टिपणवहींत नेमकें काय लिहावें? पांच गोष्टी लक्षांत ठेवा. पहिली : काळाच्या नांवापुढें स्थळ आणि वर्षें अवश्य द्यावीं. दुसरी : लेखांत शक असेल तर तो तसाच उतरून घ्यावा आणि इसवी सन त्याच्या शेजारीं लिहावा; मूळ आंकडा खोडूं नये. तिसरी : बांधणीस वेगळा रकाना ठेवावा. चौथी : हा काळ कशावरून ठरविला, लेखावरून, नाण्यावरून, खापरांवरून कीं ऐकीव माहितीवरून, तें सांगावें. पांचवी : गांवकरी जें नांव सांगतात तें टाकून देऊं नये. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख सातवाहनांचे व क्षत्रपांचे आहेत, तरी लोक त्यांस पांडवलेणीं म्हणतात. हें नांवही जपण्यासारखेंच आहे. मात्र त्याची जागा ‘लोकांतील नांव’ या रकान्यांत, काळाच्या रकान्यांत नव्हे.

आपल्या गांवच्या वेशीवर एखादा वीरगळ असतो. खालीं झुंजणारा वीर, वर सूर्यचंद्र. अक्षर एकही नाहीं. अशा वेळीं ‘फार प्राचीन’ असें लिहिण्याचा मोह होतो. परंतु त्या दोन शब्दांनीं कोणासच कांहीं कळत नाहीं. तेथें ‘काळ अनिश्चित’ असें लिहावें. शेजारच्या देवळाशीं त्याची घडण जुळत असेल तर तसें नमूद करावें, आणि अनुमानापुढें ‘बहुधा’ हा शब्द घालावा. यांत कमीपणा मुळींच नाहीं. तुमच्या मागून येणारा अभ्यासक त्या रिकाम्या जागेपासून शोधास आरंभ करील. पण तुम्हीं तेथें चुकीचें नांव ठामपणें लिहून ठेविलें असेल, तर शोध संपला असें समजून तो पुढें निघून जाईल. आणि हा केवळ पांडित्याचा प्रश्न नाहीं. आपल्या देशांत 1958 च्या कायद्याप्रमाणें प्राचीन स्मारक ठरण्यास निदान शंभर वर्षांचें अस्तित्व लागतें. रस्ता रुंद होतांना कोणता दगड जपावा आणि कोणता खडीसाठीं जावा, हें कधीं कधीं वहींतल्या एका ओळीवर अवलंबून असतें.

त्या विद्यार्थ्यानें आपली वही सुधारून पुन्हां आणून दाखविली. आतां तींत असें लिहिलें होतें : ‘स्थळ, अंबरनाथ. काळ, शिलाहार राजवट, शके 982, इ. स. 1060. आधार, देवळांतील शिलालेख. बांधणी, भूमिज. लोकांतील नांव, हेमाडपंती देऊळ.’ चित्र पूर्वींचेंच होतें. परंतु आतां ती वही दुसऱ्याच्या हातीं निःशंक देण्याजोगी झाली होती.