आजारी लेकराशी खरेच बोला

लहान मुलांच्या कर्करोगांत रक्ताचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. त्याच्या उपचारात महिनोन्महिने शिरेत सुई टोचली जाते, पाठीतून पाणी काढले जाते, कधी हाडातील मगज तपासावा लागतो. अशा वेळी व्याकूळ आई-वडिलांच्या तोंडून सहज निघते, "काही दुखणार नाही." हेतू मायेचा असतो, पण शब्द खोटा ठरतो. पुढच्या खेपेस मूल सुईला तर भितेच, शिवाय आपल्या माणसांवरचा त्याचा विश्वासही उडालेला असतो.

बंधुभगिनींनो, येथे अबू दाऊद यांच्या संग्रहातील एक हदीस ध्यानी घ्यावी. एका मातेने काही देण्याचे सांगून आपल्या मुलाला जवळ बोलाविले. काय देणार, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारले. तिने खजूर सांगितला. तेव्हा पैगंबरांनी (स.) बजावले की, काहीच दिले नसते तर तिच्या नावे एक असत्य नोंदले गेले असते. मुलाला दिलेल्या शब्दाचाही असा हिशेब आहे.

म्हणून सांगावे, "थोडे टोचेल, पण मी तुझ्याजवळच आहे," आणि खरोखरच जवळ राहावे. डॉक्टरांची अनुमती असल्यास लहानग्याला आडवे दाबून न धरता मांडीवर, उराशी धरून बसवावे. त्वचा बधिर करणारे मलम साधारण तासभर आधी लावावे लागते. त्याविषयी वेळेवर विचारावे. कोणत्या हाताला टोचायचे, हे शक्य तेथे मुलालाच ठरवू द्यावे. साबणाचे फुगे फुंकल्याने किंवा पाठ असलेली सूरह सोबत म्हटल्याने लक्ष वळते. भूल देण्यापूर्वी उपाशी ठेवण्यास सांगितले असेल, तर दया येऊन घासभरही भरवू नये. त्यात जिवाला धोका असतो.

"शहाणी मुले रडत नाहीत," असे मात्र म्हणू नये. पुत्र इब्राहीम अखेरचे श्वास घेत असताना स्वतः पैगंबरांच्या (स.) नेत्रांतून अश्रू वाहिले होते. अश्रू संयमाच्या विरुद्ध नाहीत. हे दुखणे आपल्या चुकीची शिक्षा आहे, असेही मुलाच्या मनात येऊ देऊ नये. अजाण बालकाच्या नावे पाप लिहिलेच जात नाही.

अल्लाह सर्व आजारी बालकांना शिफा देवो आणि त्यांच्या माता-पित्यांना धीर व सत्य बोलण्याचे बळ देवो. आमीन.