घाटमाथ्यावरील चक्रीवादळ

चक्रीवादळ ही कोकणपट्टीची आपत्ती, सह्याद्रीच्या पूर्वेकडील तालुक्यांना तिची झळ लागत नाही, हा समज ३ जून २०२० रोजी मोडला. त्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह किनाऱ्यावर आले आणि ईशान्येकडे सरकत पुणे जिल्ह्यात शिरले.

उबदार समुद्रावरून मिळणारे बाष्प हे चक्रीवादळाचे इंधन होय. भूमीवर हा पुरवठा तुटतो, डोंगर व वृक्षराजी वाऱ्यास अडवितात आणि वादळ क्षीण होते. निसर्गही ४ जूनच्या संध्याकाळपर्यंत केवळ कमी दाबाचे क्षेत्र उरले होते. मात्र सोबत आलेले बाष्प घाट चढताना थंड होऊन पावसाच्या रूपाने कोसळते. भिजलेल्या मातीत मुळांची पकड सैल होते. मग किनाऱ्यापेक्षा मंद वाराही मोठे झाड उन्मळून टाकतो.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत घरांची छपरे उडाली, विजेचे खांब पडले. पश्चिम पट्ट्यातील आदिवासी कुटुंबांचा घाव अधिक खोल होता, कारण त्यांचा हिरडा गेला. कोवळी फळे वाळवून होणारा बाळहिरडा हे त्यांचे पावसाळ्यापूर्वीचे रोख उत्पन्न. हिरडा पेरणीचे पीक नव्हे. साहजिकच भरपाईचा प्रश्न पुढे काही वर्षे रेंगाळला. ग्रामपंचायतींनी तलाठ्याच्या साहाय्याने हिरड्याच्या झाडांची खातेदारनिहाय मोजणी फळे धरताच करून ठेवणे इष्ट. आडव्या झालेल्या झाडावर किती फळ होते, हे पंचनाम्याच्या वेळी सांगणे कठीण असते.