शब्दाचं गणगोत

साताऱ्यात बदलून येणाऱ्या, बाहेरच्या राज्यांतल्या बँक कर्मचाऱ्यांना मी संध्याकाळी मराठी शिकवते. तिथे मला जे उमगलं ते असं.

१. ओळखीचा शब्द जास्त फसवतो. 'साहेबांनी राजीनामा दिला' हे ऐकून लखनौच्या एका मुलानं विचारलं, 'कुणाबरोबर?' हिंदीत राजीनामा म्हणजे दोन पक्षांतली तडजोड. नुसतं 'नोकरी सोडणे' सांगून भागलं नसतं. फळ्यावर शब्दाचे सोबती लिहिले: तिकडे मुकदमा, पक्ष, सुलह, इकडे नोकरी, पद, मंजुरी. 'शिक्षा'चंही तसंच. हिंदीत तिच्या शेजारी विद्यालय बसतं, मराठीत गुन्हा.

२. अवघड शब्द एकटा शिकवू नये. पहिल्या वर्षी 'सातबारा' म्हणजे 'जमिनीचा उतारा' असं मी सांगितलं. मुलांनी वहीत लिहिलं आणि विचारलं, 'उतारा म्हणजे?' चूक माझी होती. आता मी आकड्यांपासून सुरुवात करते. गाव नमुना ७ मध्ये जमीन कुणाची, १२ मध्ये पीक कोणतं. दोन्ही एकाच कागदावर, म्हणून सातबारा. जमीन विकली, वारस लागले, की फेरफार. त्याची नोंद नमुना ६ मध्ये. खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र बघायची तर ८अ. कर्ज दिलं की 'इतर अधिकारां'त बोजा चढतो, फिटलं की उतरतो. बोजा म्हणजे ओझं, एवढं कोशातही मिळेल. पण खिडकीशी आलेला शेतकरी 'बोजा उतरवायचाय' म्हणताना इतका मोकळा का दिसतो, ते हे सगळं गोत ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. माझा सगळ्यात आवडता तास हाच.

३. विरुद्धार्थी शब्द नुसता विचारू नये, कशाचा ते सांगावं. जुन्या घराच्या उलट नवं, पण जून भेंडीच्या उलट कोवळी आणि शिळ्या भाकरीच्या उलट ताजी. ओल्या खोबऱ्याला सुकं, ओल्या दुष्काळाला कोरडा. शाळेत शिकवत असताना मी वर्षानुवर्षं नुसत्या जोड्या पाठ करून घेतल्या, याचं आता वाईट वाटतं.

४. क्रियापदं स्वयंपाकघरात शिकवावीत. भाकरी थापतात, पोळी लाटतात, लाडू वळतात, नारळ खवतात. व्याख्या नको, हात दाखवावेत.

५. शब्द गोतासकट मांडायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. अमरकोशात शब्द अकारविल्हे नाहीत, वर्गवार आहेत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून झालेल्या राज्यव्यवहारकोशातही दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे दहा वर्ग आहेत. कारभारात फारसीऐवजी संस्कृत शब्द रुळवायचे होते. किल्ल्याचे शब्द किल्ल्यापाशी आणि बाजाराचे बाजारापाशी ठेवले, की कारभाऱ्याला हवा तो शब्द हवा तिथेच सापडतो. मला ही मांडणी फार शहाणपणाची वाटते.

६. म्हणीवाक्प्रचारांचा अर्थ आपण सांगू नये, त्याच्यापर्यंतची वाट दाखवावी. 'उत्साहावर विरजण पडलं' हे एका तमिळ मुलीला कळेना. मी फळ्यावर ओळीनं लिहीत गेले: दूध, विरजण, दही, मग रवीनं घुसळणं, लोणी, ताक, लोणी कढवलं की तूप, आणि भांड्याच्या तळाशी बेरी. प्रत्येक शब्दापासून पुढच्याकडे बाण काढला. ती बराच वेळ बघत राहिली. मग उठून फळ्यापाशी आली आणि विरजणावर बोट ठेवून म्हणाली, 'बाई, इथून मागे जाणारा बाणच नाही.'